न्यू जर्सीत संरक्षण आदेशानंतर हँडगनचं परमिट: काय करायचं आणि कोणत्या क्रमाने

मारहाण करणाऱ्या नवऱ्याने जवळ फिरकू नये असा कोर्टाचा संरक्षण आदेश मिळाला त्याच आठवड्यात मी आमच्या गावच्या पोलिस स्टेशनात जाऊन विचारलं, "आता मला बंदूक बाळगता येईल का?" खिडकीतल्या बाईंनी एका कागदावर वेबसाइट लिहून दिली आणि मागच्या माणसाला पुढे बोलावलं. झालं, एवढंच मार्गदर्शन. पुढचे सात महिने मी चुकत माकत गेले. चुकीच्या वेळी चुकीचा अर्ज केला, चुकीच्या माणसांना साक्षीला धरलं. ज्यांना हे करायचंच आहे त्यांचे निदान चार महिने वाचावेत म्हणून हे लिहिते आहे.

मी वकील नाही. खालचं सगळं न्यू जर्सीपुरतं आहे. शेजारच्या न्यू यॉर्कमध्ये किंवा पेन्सिल्व्हेनियात नियम वेगळे आहेत. या राज्यातलीही काही कलमं कोर्टात अडकलेली आहेत, त्यामुळे फी आणि याद्या अर्जाच्या दिवशी राज्य पोलिसांच्या संकेतस्थळावर पुन्हा बघा.

एक पार्श्वभूमी माहीत असलेली बरी. जून २०१५ मध्ये दक्षिण जर्सीतल्या बर्लिन टाउनशिपमध्ये एका बाईचा तिच्या घरासमोर भोसकून खून झाला. मारणारा तिचा पूर्वीचा जोडीदार. तिच्याकडे त्याच्याविरुद्धचा कोर्टाचा आदेश होता, घराला कॅमेरे आणि अलार्म होते, आणि एप्रिलमध्ये केलेला हँडगनचा (पिस्तूल-रिव्हॉल्व्हरचा) अर्ज पोलिसांकडे पडून होता. कायद्याने त्यांना तीस दिवस दिलेले, ते उलटून गेले होते. त्यानंतर पीडितांचे अर्ज इतरांच्या आधी हातावेगळे करण्यासाठी राज्याने पावलं उचलली. पण तो दिलासा बंदूक विकत घेण्यापुरता होता. सोबत बाळगण्याच्या परमिटला 'समर्थनीय गरज' सिद्ध करावी लागे, आणि ती सामान्य माणसाला जवळजवळ कधीच सिद्ध होत नसे. २३ जून २०२२ ला अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने न्यू यॉर्कच्या खटल्यात ही अट मोडीत काढली. त्या डिसेंबरात न्यू जर्सीने नवा कायदा केला आणि वाट उघडली. मात्र उघडली ती सगळ्यांसाठी सारखीच. आदेश हातात आहे म्हणून बाळगण्याचं परमिट आपोआप लवकर मिळत नाही.

इतर राज्यांत वेगळं आहे. नॉर्थ कॅरोलायनात जीवाला धोका दिसला तर शेरीफ ४५ दिवसांपर्यंतचं तात्पुरतं परमिट देऊ शकतो. इंडियानाने २०१७ मध्ये आदेश मिळालेल्यांना ६० दिवस परवान्याशिवाय बाळगू दिलं, आणि २०२२ पासून तिथे परवान्याची सक्तीच राहिली नाही. टेक्सासने २०२१ मध्ये आदेश असलेल्या १८ ते २० वर्षांच्या मुलामुलींना परवान्याचा हक्क दिला. न्यू जर्सीत असं काही नाही. तिकडच्या मैत्रिणीने "मी तर लगेच घेतली" असं सांगितलं तर ऐका आणि सोडून द्या.

१. आधी व्हिसा बघा

इंटरनेटवरच्या इंग्रजी माहितीत ही पायरी बहुतेक नसतेच, कारण ती लिहिणाऱ्यांना हा प्रश्न पडलेला नसतो. आपल्याला सगळ्यात आधी तोच पडतो.

तुम्ही एच-१बी (नोकरीच्या), एच-४ (एच-१बीवाल्याच्या कुटुंबाच्या), एफ-१ (विद्यार्थ्याच्या) किंवा पर्यटक व्हिसावर आला असाल, तर संघराज्याच्या कायद्याने तुम्हाला बंदूक किंवा गोळ्या जवळ ठेवता येत नाहीत. कोर्टाचा आदेश असला तरी नाही. शिकारीच्या परवान्याचा एक अपवाद आहे, पण इमिग्रेशनच्या वकिलाला विचारल्याशिवाय त्या वाटेला जाऊ नका. नेमबाजीच्या रेंजवर गंमत म्हणून भाड्याची बंदूक हातात घेणं हाही 'ताबा'च धरला जाऊ शकतो. ऑफिसच्या सहलीत रेंजवर जाऊन फोटो टाकणारे कितीतरी एच-१बीवाले मी पाहिले आहेत. त्यांना कुणी सांगितलेलंच नसतं.

ग्रीन कार्ड असेल तर चालतं. माझ्याकडे ग्रीन कार्ड होतं. पण ग्रीन कार्डवाल्यांनी एक गोष्ट पक्की लक्षात ठेवायची: बंदुकीच्या गुन्ह्यात दोषी ठरलात तर देशाबाहेर काढलं जाऊ शकतं. परमिटविना पर्समध्ये पिस्तूल सापडलं तर प्रश्न फक्त तुरुंगाचा राहत नाही.

एच-४ वाल्या बहिणींनी निराश होऊ नये. पुढची दुसरी पायरी व्हिसा न बघता तुमच्यासाठी आहे, आणि खरं संरक्षण बरंचसं तिथेच आहे.

२. आदेश पक्का करून घ्या

तात्पुरता आदेश म्हणजे टीआरओ. कोर्टाच्या वेळेत काउंटीच्या फॅमिली कोर्टात मिळतो, मिडलसेक्सवाल्यांना न्यू ब्रन्सविकला जावं लागतं. रात्री किंवा सुट्टीच्या दिवशी पोलिस स्टेशनातून मिळतो, पोलिस न्यायाधीशांना फोन लावून देतात. फी नाही. दहा दिवसांच्या आत अंतिम सुनावणी लागते, आणि त्यात मिळतो तो अंतिम आदेश म्हणजे एफआरओ. न्यू जर्सीत एफआरओला मुदत नसते. कोर्ट रद्द करेपर्यंत तो चालू राहतो.

नवरा, माजी नवरा, बॉयफ्रेंड, एका घरात राहणारे किंवा राहिलेले प्रौढ, सगळे या कायद्यात येतात. म्हणजे एकत्र राहिलेले सासरे आणि दीरही. त्रास देणाऱ्याशी असलं काही नातं नसेल, उदाहरणार्थ पाठलाग करणारा सहकारी, तर १ जानेवारी २०२४ पासून व्याप्ती वाढलेला दुसरा संरक्षण आदेश आहे. तो मागा.

दुभाषी फुकट मिळतो. मागताना "मराठी" असं स्पष्ट सांगा. मी "इंडियन" म्हणाले आणि मला हिंदी दुभाषी मिळाले. 'तो अंगावर धावून आला' याचं त्यांनी काय केलं ते मला आजही कळलेलं नाही.

टीआरओ देताना न्यायाधीशांना समोरच्याकडच्या शस्त्रांबद्दल सांगा. कुठे ठेवतो, किती आहेत, माहीत असेल तेवढं सगळं. पोलिस ती जप्त करतात. ही पायरी मला स्वतःच्या बंदुकीपेक्षा महत्त्वाची वाटते. २००३ साली अमेरिकेतल्या अनेक शहरांतल्या खुनांचा अभ्यास प्रसिद्ध झाला, त्यात मारहाण करणाऱ्या जोडीदाराच्या हाताशी बंदूक असेल तर बाईचा जीव जाण्याचा धोका सुमारे पाचपट दिसला. घरात बंदूक आली की ती कुणाच्या हाताला लागेल हे आपण ठरवत नाही. तो अजून त्याच घरात येत-जात असेल, किल्ली त्याच्याकडे असेल, तर आधी कुलूप बदला. बंदुकीचं नंतर.

इथले तीन सापळे:

पहिला, उलटा आदेश. सुनावणीच्या आधी समोरचाही तुमच्याविरुद्ध टीआरओ घेऊन येतो. "दोघांचेही मागे घेऊ, मिटवून टाकू," असा सूर वकील लावतात. तुमच्यावर आदेश असला की या राज्यात तुम्हाला बंदूक विकत घेण्याचं कार्ड मिळत नाही, असलेली बंदूकही जाते. धोकादायक ठरलेल्या व्यक्तीवर आदेश असताना तिला बंदूक ठेवता येणार नाही, हा संघराज्याचा नियम सर्वोच्च न्यायालयाने जून २०२४ मध्ये उचलून धरला. हा नियम समोरच्याला लागू व्हावा म्हणून आपण धडपडतोय, तो आपल्यालाच लागू होऊन बसायला नको.

दुसरा, निरोप. "सासूबाईंचा व्हॉट्सअ‍ॅप आला, त्यात काय?" त्याने आईकरवी, मित्राकरवी निरोप पाठवणं हेही आदेशात मना असतं. स्क्रीनशॉट ठेवा, पोलिसांना दाखवा. आणि तुम्ही होऊन त्याला फोन करू नका. आदेश त्याच्यावर आहे, पण तुमचा एक फोन पुढच्या सुनावणीत तुमच्याच अंगावर येतो.

तिसरा, सांगलीहून येणारे फोन. "कागद मागे घे, तो आता सुधारलाय." माझी आईसुद्धा. यावर मी काय सांगणार? पण एफआरओ रद्द केला तर तो पुन्हा उगवत नाही, नव्या घटनेसाठी नवा अर्ज करावा लागतो.

या टप्प्यावर एकट्याने राहू नका. 'मानवी' ही दक्षिण आशियाई बायकांसाठीची संस्था १९८५ पासून न्यू जर्सीत काम करते. राज्याची हेल्पलाइन चोवीस तास चालते, १-८००-५७२-७२३३. पत्ता लपवायचा असेल तर राज्याची पत्ता-गोपनीयता योजना आहे, त्याबद्दल तिथेच विचारा.

३. फाइल तयार करा

एकच जाड फाइल करा, प्रत्येकाच्या दोन प्रती काढा:

- एफआरओ (किंवा टीआरओ) ची प्रत. याशिवाय एक प्रत कायम पर्समध्ये, एक मुलांच्या शाळेत
- ड्रायव्हिंग लायसन्स, चालू पत्त्याचं
- ग्रीन कार्ड किंवा नागरिकत्वाचा दाखला
- आधीची सगळी नावं: माहेरचं, सासरचं, पासपोर्टवरचं
- गेल्या काही वर्षांचे सगळे पत्ते
- मानसिक उपचार झाले असतील तर डॉक्टरांचं नाव, पत्ता, तारखा
- चार रेफरन्सची (तुमच्याबद्दल पोलिसांना सांगणाऱ्या माणसांची) नावं, फोन, ईमेल, कधीपासून ओळख

नावांबद्दल थोडं जास्त सांगते, कारण माझे तीन आठवडे इथेच गेले. आपल्याकडे लग्नानंतर बाईचं मधलं नाव नवऱ्याचं होतं. माझ्या ग्रीन कार्डवर त्याचं नाव माझ्या नावाच्या मधोमध, लायसन्सवर नुसतं आद्याक्षर, आणि पदवीवर बाबांचं. बोटांचे ठसे एका नावाने गेले, अर्ज दुसऱ्या नावाने. अर्जात 'इतर नावं' असा रकाना असतो, त्यात सगळी भरा. (त्याच्याविरुद्धच्या आदेशावरही मधलं नाव त्याचंच छापलेलं. कारकुनाने दोनदा विचारलं की यात वादी कोण आणि प्रतिवादी कोण.)

४. कार्ड आणि खरेदीचं परमिट

न्यू जर्सीत तीन वेगळे कागद आहेत आणि सगळे त्यांना सरसकट 'लायसन्स' म्हणतात. गोंधळ तिथून सुरू होतो.

पहिलं, बंदूक खरेदीदाराचं ओळखपत्र, म्हणजेच कार्ड. फी ५० डॉलर. दुसरं, हँडगन विकत घेण्याचं परमिट, एका हँडगनला एक, फी २५ डॉलर, ९० दिवस चालतं. तिसरं, बाळगण्याचं परमिट, फी २०० डॉलर, दोन वर्षं चालतं. पहिले दोन अर्ज एकत्र करा. मी आधी फक्त ओळखपत्र मागितलं. त्यावर रायफल मिळते, हँडगन नाही, हे दुकानात गेल्यावर कळलं.

हँडगनसाठी वय २१ पूर्ण हवं. अर्ज राज्य पोलिसांच्या संकेतस्थळावर ऑनलाइन भरायचा, तो तुमच्या गावच्या पोलिसांकडे जातो. ठसे वेगळ्या केंद्रात, त्याचे पैसे वेगळे. पहिल्यांदा कार्ड घेणाऱ्याला सुरक्षेचं प्रशिक्षणही लागतं. इथे दोन रेफरन्स पुरतात.

अर्ज पाठवल्यावर घरी बसू नका. हीच माझी मोठी चूक. ऑनलाइन अर्जाकडे बघून कुणाला कळत नाही की तुमच्यामागे कोण लागलंय. आदेशाची प्रत घेऊन पोलिस स्टेशनात जा, बंदुकीचे अर्ज बघणाऱ्या डिटेक्टिव्हचं नाव विचारा, एका पानाचं पत्र द्या: मी अमुक तारखेच्या आदेशाखाली संरक्षित आहे, अर्ज प्राधान्याने बघावा. पोच घ्या. मी हे सहाव्या आठवड्यात केलं, आणि नऊ दिवसांत फोन आला.

अर्जातले दोन प्रश्न जपून वाचा. एक विचारतो की तुम्ही कौटुंबिक हिंसेच्या आदेशाच्या अधीन आहात का. घाबरलेली बाई 'हो' लिहून मोकळी होते. तुम्ही अधीन नाही, तुम्ही संरक्षित आहात. तुमच्यावर आदेश नसेल तर उत्तर 'नाही'. दुसरा प्रश्न मानसिक उपचारांचा. मारहाणीनंतर कितीतरी जणी समुपदेशकाकडे जातात, मीही गेले. लपवू नका. नुसत्या समुपदेशनाने अर्ज आपोआप बाद होत नाही, पण खोटं उत्तर हा स्वतंत्र गुन्हा आहे. मी समुपदेशकाकडून दोन ओळींचं पत्र आणून जोडलं.

नकार आला तर कारण लेखी मागा. तीस दिवसांत सुपीरियर कोर्टात सुनावणी मागता येते.

५. चार माणसं

बाळगण्याच्या परमिटला चार प्रतिष्ठित माणसांचा पाठिंबा लागतो. रक्ताचे किंवा लग्नाचे नातेवाईक नकोत, ओळख किमान तीन वर्षांची हवी, आणि पोलिस त्यांच्याशी बोलतात.

वाचायला सोपं वाटतं. पण या देशात आपली तीन वर्षांची ओळख कुणाशी असते? त्याच्या मित्रांच्या बायकांशी. माझ्या फोनमधली माणसं मोजली तर दहापैकी आठ त्याच्या ढोल-ताशा पथकातली किंवा त्याच्या ऑफिसातली. मी पहिल्यांदा ज्या ताईंना विचारलं त्यांनी लगेच हो म्हटलं, आणि रविवारी मंडळाच्या कार्यक्रमात ती बातमी माझ्याआधी पोचली होती. दुसऱ्या एकींनी दोन दिवसांनी कळवलं की 'ह्यांना' ते बरं वाटत नाही.

शेवटी मिळाली ती माणसं अशी: मुलीची माजी शिक्षिका, खालच्या मजल्यावरचे निवृत्त पोर्तुगीज आजोबा, आधीच्या नोकरीतली सहकारी, आणि आमच्या दंतवैद्य बाई. एकही मराठी नाही. म्हणून सल्ला असा, की नावं ठरवताना समोरच्याशी ज्यांचा संबंध नाही अशांपासून सुरुवात करा. त्यांना आधी फोन करा, पोलिस काय विचारतील ते सांगा: स्वभाव, दारू, राग, कधी कुणाला धमकी दिली का. ईमेल स्पॅममध्ये जाईल, बघायला सांगा. एकाने उत्तर दिलं नाही तर अख्खा अर्ज थांबतो. पाचवं नाव मनात तयार ठेवा.

६. रेंज आणि बाळगण्याचा अर्ज

बाळगण्यासाठी राज्याने ठरवलेलं प्रशिक्षण घ्यावं लागतं: वर्गात बळाच्या वापराचा कायदा, आणि रेंजवर वेगवेगळ्या अंतरांवरून नेमबाजीची परीक्षा. पात्र प्रशिक्षकाकडूनच करा आणि प्रमाणपत्र कोणत्या तारखेपर्यंत धरतात ते आधी विचारा.

पहिल्या दिवशी माझे हात इतके थरथरत होते की प्रशिक्षक म्हणाले, आज गोळी नको, नुसती उघडायला आणि रिकामी करायला शिका. असा माणूस मिळाला तर धरून ठेवा. 'बायकांसाठी छोटी, गुलाबी' दाखवणारा दुकानदार मिळाला तर बाहेर पडा. छोट्या हँडगनचा धक्का जास्त बसतो. मॅगझीन दहा गोळ्यांपेक्षा मोठं या राज्यात चालत नाही.

अर्जाचा निर्णय गावचे पोलिसप्रमुख घेतात, मुदत ९० दिवस. आता न्यायाधीशांकडे जात नाही. इथेही आदेशाची प्रत आणि पत्र द्या. कायद्याने वेगळी घाई त्यांच्यावर बांधलेली दिसली नाही तरी माणूस माणसासारखा वागतो, कधी कधी.

७. मधल्या महिन्यांत

हँडगन घरात आली आहे, बाळगण्याचं परमिट आलेलं नाही. सगळ्यात जास्त पाय इथे घसरतो.

घरात ठेवता येते. दुकानातून घरी, घरातून रेंजवर नेता येते, पण रिकामी, कुलूपबंद पेटीत किंवा डिकीत, आणि वाटेत उगाच न रेंगाळता. "एवढं रात्री पार्किंगपर्यंत" म्हणून पर्समध्ये टाकली तर तो दुसऱ्या दर्जाचा गुन्हा आहे, शिक्षा पाच ते दहा वर्षं. आदेश दाखवून सुटका होत नाही.

या महिन्यांत माझं संरक्षण बंदुकीवर नव्हतंच. ऑफिसच्या सुरक्षारक्षकाकडे त्याचा फोटो दिला, घरी येण्याची वेळ रोज बदलली, गाडीत आणि फोनमध्ये लोकेशन शेअरिंग बंद केलं, आणि आदेश मोडला की प्रत्येक वेळी ९११ केला. मोडल्याचं सबळ कारण दिसलं तर पोलिसांना अटक करावीच लागते.

मुलं असतील तर तिजोरी बंदुकीच्या आधी घ्या. चावीची नको, आकड्यांची घ्या, आणि आकडा मुलांच्या वाढदिवसाचा ठेवू नका. तो तुमच्या नवऱ्यालाही पाठ आहे.

८. परमिट हातात आल्यावर

कपड्याखाली, होल्स्टरमध्ये ठेवायची, दिसू द्यायची नाही. पोलिसांनी अडवलं तर लगेच सांगायचं की माझ्याकडे आहे, आणि परमिट दाखवायचं.

शाळा, कोर्ट, दवाखाने, वाचनालयं, बार अशा ठिकाणी बंदी आहे. काही जागांवरून खटले चालू आहेत, म्हणून ताजी यादी बघा. शाळेच्या आवारातली बंदी मात्र पक्की धरा. आमची रविवारची मराठी शाळा एका सरकारी शाळेच्या इमारतीत भरते, म्हणून रविवारी ती तिजोरीतच राहते. सुनावणीलाही नेता येत नाही. ज्या दिवशी तो हमखास समोर येणार त्याच दिवशी तुम्ही रिकाम्या हाती असता, तेव्हा कोर्टाच्या शेरीफ अधिकाऱ्याला गाडीपर्यंत सोडायला सांगा. ते सोडतात.

राज्याची हद्द ओलांडली की दोन कागद दोन तऱ्हेने वागतात. तुमचा आदेश पन्नासही राज्यांत चालतो. परमिट न्यू यॉर्कमध्ये अजिबात चालत नाही. बोगद्यातून मॅनहॅटनला निघालात की घरी ठेवून जा. ज्या मैत्रिणीकडे जाणार तिच्याकडे आदेशाची प्रत असू द्या.

घर बदललं तर ओळखपत्रावरचा पत्ता बदलायचा असतो. बाळगण्याचं परमिट दोन वर्षांनी नव्याने घ्यावं लागतं, त्यासाठी प्रशिक्षण आणि माणसांची जुळवाजुळव परत आलीच. मी चार महिने आधीची तारीख फोनमध्ये टाकून ठेवली आहे, कारण दंतवैद्य बाई आता फ्लोरिडाला चालल्या आहेत आणि मला चौथं माणूस शोधायचं आहे.